न पुसलेली काच

आमच्या पुढच्या खोलीची खिडकी मी पुसली नव्हती, त्याला आळसाखेरीज दुसरं कारण नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्या खिडकीत लोकांनी फार काही पाहिलं.

खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. बस वळली की धुरळा उडतो आणि काचेवर येऊन बसतो. बाकीचं घर सूनबाई पुसते. पण ती खिडकी माझ्या खुर्चीमागे, आणि खुर्चीभोवती पुस्तकांचे ढीग, म्हणून तेवढा भाग तिने माझ्या गळ्यात घातला होता. "बाबा, तेवढी एक काच," ती म्हणायची. मी "हो, हो" म्हणायचो आणि पान उलटायचो. ग्रंथालयात नोकरी करण्यात आयुष्य गेलं, धुळीशी माझं कधी वाकडं नव्हतं.

निवृत्त झाल्यापासून आमच्या चर्चच्या उपासनेच्या पत्रकामागे मी दर रविवारी एक छोटं मनन लिहितो. रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट घ्यायची आणि तिच्यातून प्रभूबद्दल काही सुचलं तर सांगायचं. गळका नळ, बसमध्ये विसरलेली छत्री, शेजारच्यांचं रडणारं मूल. हे काम माझ्याकडे आलं तेसुद्धा नाइलाजानेच. चार माणसांत उभं राहून मला प्रार्थना करता येत नाही, घसा कोरडा पडतो. तेव्हा कुणीतरी म्हणालं, यांना लिहायला बसवा. लिहितो, आणि रविवारी पत्रक हातात पडलं की वाटतं, हे लोकांना सांगणारा मी कोण? पुढच्या आठवड्यात आमच्या धर्मगुरूंचा, पाळकसाहेबांचा, फोन आला की पुन्हा लिहितो.

त्या आठवड्यात काहीच सुचत नव्हतं. दुपार कलली होती. ऊन त्या मळक्या काचेवर पडलं आणि सगळ्या खोलीभर पसरलं. एरवी ते डोळ्यांत घुसतं आणि जमिनीवर एक कडक चौकोन पाडून मोकळं होतं. त्या दिवशी मात्र मऊ होऊन कपाटामागच्या कोपऱ्यापर्यंत पोचलं. मला बरं वाटलं. मी लिहिलं की काच पुसायची घाई नेहमीच करू नये. आपल्यावरच्या धुळीतूनही त्याचा प्रकाश आत येतो. कदाचित धूळ आहे म्हणूनच तो आपल्याला सोसतो. शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झालो. जे वाक्य लिहून आपण खूश होतो ते खोडून टाकावं, असा माझाच एक नियम आहे. तो त्या दिवशी पाळला नाही.

बारीक अक्षर म्हाताऱ्यांना दिसत नाही, म्हणून पाळकसाहेब मनन वाचून दाखवतात. त्याही रविवारी त्यांनी वाचलं. कुणी काही बोललं नाही, म्हणजे नेहमीसारखंच झालं.

दोन दिवसांनी सूनबाई ऑफिसातून आली ती पर्ससुद्धा न ठेवता माझ्यापुढे उभी राहिली. "बाबा, तुम्ही खिडकीबद्दल काय लिहिलंत?"

काच पुसली नाही हे चारचौघांत सांगितलं म्हणून ती चिडली असेल असं मला वाटलं. उद्या पुसतो, मी म्हणालो.

"काकूंनी ऑपरेशन रद्द केलं," ती म्हणाली. "तुमच्या खिडकीपायी."

काकू म्हणजे माझ्या वहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी जवळच एका खोलीत राहतात आणि शिवणकाम करतात. सगळी मंडळी त्यांना टेलरकाकू म्हणते. लहानपणी गोवरात त्यांचा एक डोळा गेला. राहिलेल्या एका डोळ्यावर त्यांनी आमच्या चर्चमधली लग्नं, बाप्तिस्मे आणि गायकांचे झगे असं सगळं पार पाडलं. त्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, आणि हे त्यांनी फक्त सूनबाईला सांगितलं होतं. सूनबाईने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू फार पिकलाय; आता थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि डोळाच हातचा जाईल. पुढच्या आठवड्यातली तारीख ठरली. सूनबाईने रजा टाकली.

आणि आता वहिनी म्हणत होत्या की रविवारी सकाळी त्यांनी प्रभूला विचारलं, जाऊ की नको? आणि लगेच उपासनेत उत्तर मिळालं. पुसायची घाई नको. इतक्या स्वच्छ शब्दांत आजवर त्यांना कधी उत्तर मिळालं नव्हतं. येत्या रविवारी त्या मंडळीपुढे उभं राहून, देवाने उत्तर दिलं अशी साक्ष देणार होत्या.

"दवाखान्यात मी कसंबसं सांगून ठेवलंय," सूनबाई म्हणाली. "शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाल्या, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देतील."

मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. तो वहिनींनीच शिवलेला होता. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली होतं. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं; म्हातारपणी हात हलतो, असं म्हणून मी ते सोडून दिलं. मीच एकटा नव्हतो. गायकांच्या झग्यांच्या कडा डावीकडून उजवीकडे जिन्यासारख्या चढत गेल्या होत्या. पाळकसाहेबांच्या झग्याची एक बाही इतकी आखूड होती की आशीर्वाद देताना ते एकच हात वर करायचे आणि दुसरा पाठीमागे ठेवायचे. नव्या लोकांना ती काहीतरी जुनी रीत वाटायची. कुणी वहिनींना एका शब्दाने बोललं नव्हतं. उलट सगळे म्हणायचे, काकू, तुमच्या हाताला तोड नाही. त्यांना अंधुक दिसतं हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. कळल्याचं दाखवायचं नाही, एवढंच सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. तरुण आहेत, मनाने चांगले आहेत. चहा घेताना त्यांनी हळूच सुचवलं की या रविवारी मी दुसरं मनन लिहावं. प्रभूने आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला आणि त्याला हौदावर धुवायला पाठवलं, तो प्रसंग घ्यावा. तोही पुसण्याचाच भाग आहे, नाही का? देवाने वैद्यही दिलेत, हे हळूच आत घालावं. काकू ऐकतील, तुमचं ऐकतात.

सल्ला चांगला होता. ते गेल्यावर मी लगेच कागद घेऊन बसलो. चिखल, हौद, धुणं, सगळं नीट बसत होतं. बसत होतं म्हणूनच माझा हात थांबला. एका रविवारी मी देवाच्या तोंडून "थांब" म्हणवलं, दुसऱ्या रविवारी "जा" म्हणवणार. मग तिसऱ्या रविवारी काय म्हणवू? बरं, पहिलं देवाचं नव्हतंच, ते फक्त माझं होतं, असं म्हणावं, तर मग गळका नळ कुणाचा होता? छत्री कुणाची होती? आणि सगळंच माझं असेल तर मी इतकी वर्षं नक्की काय करत आलो? डोकं चालेना. कागद तसाच ठेवला आणि वहिनींकडे गेलो.

वहिनी मशीनवर बसल्या होत्या. समोर कुणाचातरी फ्रॉक होता. त्या कपड्यावर वाकल्या नव्हत्या. मान सरळ ठेवून, बोटांनी कड चाचपत शिवत होत्या, जसं कुणी अंधारात जिना उतरावं. मी खोलीत आलो हे त्यांना माझ्या चपलांवरून कळलं.

"या भाऊजी. तुमचीच आठवण काढत होते."

मी तयारी करून गेलो होतो, पण तोंडातून सरळ निघालं. "वहिनी, ती खिडकी मी आळसाने पुसली नव्हती. त्यात देवाबिवाचं काही नव्हतं."

"आळस तुमच्या घराण्यातच आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा भाऊ काय कमी होता? म्हणून काय झालं? देव गाढवाच्या तोंडून बोललाय, मग तुमच्या तोंडून बोलायला काय हरकत?"

ती गोष्ट पवित्र शास्त्रात आहे, आणि ते गाढव खरंच बोललं होतं. मी म्हणालो की डॉक्टर सांगतात त्यातही देव असू शकतो. त्या म्हणाल्या, असेल. पण डॉक्टरला मी विचारलं नव्हतं, देवाला विचारलं होतं. मग त्यांनी मशीन थांबवलं.

"तुमचे भाऊ शेवटी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तुम्ही त्या नळाचं लिहिलं होतं. थेंब थेंब पडतो, पण भांडं भरतं. मी ते रोज त्यांना वाचून दाखवायचे. त्यावर आम्ही ते दिवस काढले. आता मला सांगा, ते देवाचं आणि हे आळसाचं, हे कुणी ठरवायचं? तुम्ही?"

नळाचं मनन लिहिताना मी काय विचार करत होतो ते मला खरंच आठवेना. बहुधा प्लंबर येत नव्हता. वहिनींचा पाय पुन्हा पायपट्टीवर गेला, पण तिथेच थांबला.

"मला ती खिडकी बघायची आहे," त्या म्हणाल्या. "साक्ष द्यायची तर डोळ्यांनी बघून द्यावी. शनिवारी दुपारी न्यायला या."

घरी येऊन मी सूनबाईला सांगितलं. ती भाजी चिरत राहिली. तिचा राग बोलण्यात नसतो, सुरीत असतो.

शनिवारी जेवणं झाल्यावर मी वहिनींना आणायला गेलो. रस्त्याने त्यांनी माझा दंड धरला होता. फुटपाथची पायरी आली की मी "पायरी" म्हणायचो; त्या म्हणायच्या, "दिसते हो मला." दंडावरचा हात मात्र घट्ट व्हायचा.

पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. पुस्तकांचे ढीग भिंतीला लावलेले होते, खुर्ची सरकवलेली होती, आणि खिडकी लख्ख होती. इतकी लख्ख की पलीकडच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या सॉक्सची जोडी जुळत नाही हेसुद्धा दिसत होतं. ऊन जमिनीवर कडक चौकोन पाडून बसलं होतं. वहिनी येणार म्हणून सूनबाईने सकाळी साफसफाई काढली होती आणि मी नेमका तेव्हा आतल्या खोलीत पुस्तकात होतो. की तिने मुद्दाम केलं? ते मी अजून तिला विचारलेलं नाही.

वहिनी माझा दंड सोडून दोन पावलं पुढे गेल्या. तोंड खिडकीकडे वळवलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"अगदी तुम्ही लिहिलंय तसं," त्या म्हणाल्या. "सगळीकडे धुकं पसरल्यासारखं. किती शांत वाटतं नाही? कुठे टोचत नाही. बरं झालं तुम्ही पुसली नाहीत."

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती घाबरली होती. तिने तोंड उघडलं तसं मी मान हलवून तिला थांबवलं.

खरं सांगायचं तर मला हो म्हणावंसं वाटत होतं. हो वहिनी, पुसली नाही. माझी वाकडी कॉलर, पाळकसाहेबांची बाही, गायकांचे झगे, सगळ्यांनी जे केलं तेच मीही आणखी एकदा केलं असतं. त्यात काही वाईट होतं असंही मला वाटेना. एक बाई इतक्या दिवसांनी सुखाने उभी होती. हे सुख तिच्याकडून काढून घ्यायला मला कुणी सांगितलं होतं? आणि न काढून घ्यायला तरी कुणी सांगितलं होतं?

"वहिनी," मी म्हणालो, "खिडकी पुसलेली आहे."

"कधी?"

"सकाळी. हिने पुसली."

त्या हसल्या, जसा मी एखादा जुनाट विनोद केला असावा. मग हात पुढे करून काचेपर्यंत गेल्या. बोट काचेवरून ओढलं. काच करकरली. बोट नाकाशी नेलं. साबणाचा वास आला असावा. दुसरं बोट कोपऱ्यात, जिथे धूळ हमखास राहते, तिथे फिरवलं. कापडाची कड चाचपतात तसं त्यांनी सगळी चौकट चाचपली.

"मग मी हे बघतेय ते काय आहे?" त्या म्हणाल्या.

ते त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ खिडकीकडेच बघत राहिल्या. चहा निवला. मग त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या.

"मी घाबरले होते हो, भाऊजी. एकच तर आहे. त्यातही सुरी घालणार. तुमचं ऐकलं आणि वाटलं, सुटले." त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "मग ते देवाचं नव्हतं?"

मी इतकं वाचलंय, पण त्या वेळी एक ओळसुद्धा मदतीला आली नाही. "मला माहीत नाही," मी म्हणालो. "खरंच माहीत नाही. मी माझ्या खिडकीबद्दल लिहिलं होतं, वहिनी. तुमच्या डोळ्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं."

"म्हणजे तुम्हालाही कळत नाही."

"नाही."

याचं त्यांना का कोण जाणे बरं वाटलं. त्यांनी सूनबाईला जवळ बोलावलं आणि विचारलं की दवाखाना किती वाजेपर्यंत फोन उचलतो. सूनबाई ट्रे माझ्या हातात कोंबून फोनकडे धावली. वहिनींनी थंड चहा घेतला. "साखर जास्त झालीय," त्या म्हणाल्या.

त्या रविवारी साक्ष झाली नाही, आणि मननही झालं नाही. मी पाळकसाहेबांना सांगितलं की या वेळी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी त्या जागी गीतांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत छापले. उपासनेनंतर दोघातिघांनी मला सांगितलं की पत्रक या वेळी फार छान निघालं.

ऑपरेशनच्या दिवशी मीही गेलो. वहिनींना हिरवा झगा घातला होता आणि त्या त्याची शिवण बोटांनी तपासत होत्या. आत न्यायच्या आधी त्यांनी माझा हात धरला. "प्रार्थना करा. मोठ्याने. लिहून नको."

कॉरिडॉरमध्ये माणसं होती. नर्स उभी होती. सूनबाईने डोळे मिटले. माझा घसा नेहमीसारखा कोरडा पडला. मोठमोठी वाक्यं आली आणि गेली. शेवटी मी म्हणालो, "प्रभू, आम्हाला काही कळत नाहीये. तू सांभाळ. आमेन."

वहिनींनी थोडी वाट पाहिली. "एवढंच?"

"एवढंच आलं."

"इतकी वर्षं कागद भरलेत," त्या म्हणाल्या आणि हसत हसत आत गेल्या. त्या हसत गेल्या हे मला बाहेर बसल्यावर उमगलं. प्रार्थनेचं उत्तर म्हणतात ते हेच का, असा विचार मनात आला, आणि मी तो पुढे नेला नाही. अशा विचारांची मला आता जरा भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी समोर बोटं धरली आणि किती दिसतात ते विचारलं. वहिनींनी त्या बोटांकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, कपाळाला आठ्या घालून.

"ही कॉलर कुणी शिवली?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंची बोटं तशीच वर. मी सूनबाईकडे पाहिलं, ती छताकडे बघायला लागली.

"तुम्हीच," मी म्हणालो.

"मी? अशी?" त्यांनी हात लांब करून कॉलरचं खालचं टोक धरलं. "आणि ही घालून तुम्ही चर्चला येत होता?"

"सगळेच येत होते," माझ्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या रविवारी त्या काळा चष्मा लावून पहिल्या बाकावर बसल्या. गायक उठून उभे राहिले. वहिनींची मान त्यांच्या झग्यांच्या कडांबरोबर डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरली. आशीर्वादाच्या वेळी पाळकसाहेबांनी सवयीने एक हात पाठीमागे नेला, तशी वहिनींनी रुमाल तोंडाला लावला. खांदे हलत होते. त्या हसतात की रडतात हे मला शेजारी बसूनही कळलं नाही. बाहेर पडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "एकालाही बोलावंसं वाटलं नाही?" मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. "हं," त्या म्हणाल्या. "मला आंधळं ठेवलंत, पण वाईट वाटू दिलं नाहीत." त्यांच्या आवाजात राग होता, आणि त्यांनी माझा दंडही धरला होता, गरज नसताना.

आता त्यांच्या खोलीत झग्यांचा ढीग पडलाय. त्या एकेक झगा उसवताहेत. माझा शर्ट सगळ्यात आधी घेतलाय, त्यामुळे मी नुसत्या बनियनवर स्टुलावर बसलोय आणि कॉलरचं एक टोक ताणून धरलंय. चूक माझी, का त्यांची, का सगळ्यांच्या मायेची, हे मी मनात उलटसुलट करून पाहतोय. काही हाताला लागत नाही. आमची खिडकी सूनबाई आता दर शनिवारी पुसते. मला ते मऊ ऊन कधीकधी आठवतं, पण हे मी कुणाला सांगत नाही.

"या रविवारी काय लिहिलंय?" वहिनींनी उसवता उसवता विचारलं.

"अजून काही नाही."

"मग नीट धरा," त्या म्हणाल्या. "हलवू नका."